धारवाडच्या हॅकेथॉनचं कार्ड कुंकवाच्या ताटात

कुंकवाच्या ताटात कार्ड ठेवायची अक्कल कुणाची, ते मला आधी कळू दे. स्वागत करा, गजरे द्या, अत्तर लावा, कोण नको म्हणतंय. पण ज्या कार्डाशिवाय दारातनं आत सोडत नाहीत ते कार्ड हळदीकुंकवाच्या ताटात ठेवायचं आणि जिला कुंकू लावलं तिच्याच गळ्यात घालायचं, हा नियम कुठला? त्या नियमापायी एक पोर दिवसभर कॅन्टीनच्या बाकावर बसलं. आणि वर मलाच सांगतात, मावशी, तुम्ही गैरसमज करून घेताय.

गैरसमज कुणाचा ते वाचणाऱ्यांनी ठरवा. रस्ता, खाणं, भाडं हे दरवेळच्या प्रवासलेखासारखं सांगतेच, कारण तुम्ही तेच विचारता. पण या वेळी गोड लिहायला जमणार नाही.

आम्ही निपाणीचे. माझी रुपाली डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. धारवाडजवळ रायापूरच्या बाजूला एका कॉलेजात हॅकेथॉन होतं. म्हणजे पोरांनी एका जागी बसायचं, दिवस-रात्र संगणकावर खपायचं आणि काहीतरी नवं करून दाखवायचं. संघ तिघांचा. जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं, फक्त मुली आणि नॉन-बायनरी विद्यार्थ्यांसाठी. हे दुसरं काय म्हणून मी रुपालीला विचारलं. ती म्हणाली, "किरण."

किरण आमच्या मागच्या गल्लीतलं. ओठावर लव, कानात बारीक बाळी, केस मागं बांधलेले. मुलगा म्हटलेलं त्याला आवडत नाही, मुलगी म्हटलेलंही नाही. आमच्याकडं लेकराला तसंही 'ते'च म्हणतात, त्यामुळं माझी काही अडचण झाली नाही. अडचण त्याच्या शाळेला झाली, नातेवाइकांना झाली. आपल्यासाठी म्हणून छापलेली जाहिरात त्यानं पहिल्यांदाच बघितली होती. आठ दिवस आधीच कुर्ता इस्त्री करून ठेवलेला. किरण, रुपाली आणि त्यांची मैत्रीण मेघा, असा संघ. बाहेरगावच्या पोरींबरोबर पालक पाहिजे म्हणाले, म्हणून मी. किरणची आई स्टँडवर आली होती. "वैनी, तुमच्या भरवशावर सोडते," म्हणाली.

निपाणीतनं सकाळची हुबळी गाडी धरा. बेळगावपर्यंत रस्त्याचं काम चाललंय, गाडी कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला, मणके मोजून घ्या. पुढं रस्ता चांगला आहे. सरकारी साध्या गाडीत बायकांना तिकीट नाही, आधार दाखवायचं. महाराष्ट्रातल्या बायकांनी लगेच नाचू नये, निपाणी कर्नाटकात, तसं कर्नाटकातल्या पत्त्याचं आधार लागतं. किरणनं कंडक्टरनं विचारायच्या आधीच पैसे काढून हातावर ठेवले. त्याला वाद नको असतो.

धारवाडला उतरलो. स्टँडबाहेर गिरमिट खाल्लं. चुरमुरे, कांदा, फुटाण्याच्या डाळीचं पीठ, बरोबर गरम मिरची भजी. चौघांचं दीडशेच्या आत भागलं. तिथनं हुबळीकडं जाणारी शहरबस धरली. तिला मधोमध वेगळा रस्ता आहे, त्यामुळं खोळंबा नाही. रायापूरला उतरून कॉलेजपर्यंत रिक्षा. रिक्षात किरण गाणं म्हणत होतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

फाटकात मांडव घातलेला. इरकल नेसलेल्या एक मॅडम ताट घेऊन उभ्या. ताटात हळदीकुंकू, अबोलीचे गजरे आणि नावं छापलेली कार्डं. कुंकू लावायचं, गजरा द्यायचा, कार्ड गळ्यात घालायचं. मेघाचं झालं, रुपालीचं झालं. माझं कपाळ बघून मॅडमनी ताट अलगद पुढं नेलं. नवरा गेल्यापासनं मला ते ठाऊक आहे, आणि मी काही स्पर्धेत नव्हते. गिळलं.

मग ताट किरणसमोर थांबलं. मॅडमनी ओठ बघितले, बाळी बघितली, मागं वळून बघितलं.

"अण्णा, होरग कूड्री," त्या म्हणाल्या. दादा, बाहेर बसा.

"माझं कार्ड त्यातच आहे," किरण म्हणालं. "ते बघा, डावीकडं."

खरंच होतं. किरणचं नाव, वर हळद सांडलेली. मॅडम शेजारच्या बाईंना कानडीत म्हणाल्या की नावावरनं मुलगीच वाटली हो. किरणनं हात पुढं केला, तसं त्यांनी ताट मागं ओढलं.

मी म्हटलं, कुंकू राहू दे, कार्ड तेवढं द्या.

"तसं कसं देणार?" मॅडम म्हणाल्या. "कुंकू न लावता कार्ड कसं द्यायचं?"

चेष्टा नव्हती ती. त्या बाई खरोखर अडचणीत पडल्या होत्या. ताटातली वस्तू कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे त्यांच्या हाताला लहानपणापासनं पाठ. जो हात माझ्यासमोरनं पुढं गेला तोच पोरासमोर अडला. माझ्या वेळी मी गप्प बसले. पोराच्या वेळी बसणार नव्हते.

मी आवाज चढवला तसे तिथले मुख्य सर आले. धारवाडचेच मराठी गृहस्थ, बोलणं इस्त्री केलेलं. आमच्या मनात काही नाही, म्हणाले, पण मुलींच्या आयांनी आमच्या भरवशावर मुली पाठवल्यात. रात्रभर मुलींच्या खोलीत एक मुलगा होता असं उठलं, तर पुढच्या वर्षी एक तरी येईल का?

"ते मुलगा नाही म्हणतंय. आणि जाहिरात तुमची आहे."

"ती बेंगळूरहून आलेली भाषा, मावशी. आपल्याकडं तसं चालत नाही."

मुलीची आई म्हणून मी तिथंच उभी होते. माझी हरकत आहे का, हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. शेवटी तोड काढली. किरणनं कॅन्टीनमध्ये बसून फोनवरनं मदत करावी, पोरींनी आत बसावं. मी परत निघायचं म्हटलं, तर किरणच म्हणालं, "काकू, राहू दे. काम होऊ दे." रुपाली मान खाली घालून आत गेली. तेव्हा मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

त्यांचं काम असं. कानडी पाटी न वाचता येणाऱ्या माझ्यासारखीनं बससमोर फोन धरायचा, फोन पाटी वाचून मराठीत सांगणार, ही गाडी कलघटगीची. मराठी आवाज रुपालीचा, पडद्यावरची मांडणी मेघाची. अक्षरं ओळखायचं, म्हणजे मूळ काम, ते किरणचं. कॅन्टीनच्या अक्कांनी मिक्सरची पिन काढून त्याला चार्जिंगला जागा दिली. बाकावर बसून ते कानात यंत्र घालून पोरींना सांगत होतं, आणि येणारी-जाणारी वळून बघत होती.

संध्याकाळी पालकांना राहायची सोय नव्हती. किरणला घेऊन मी जुन्या हुबळीत नणंदेकडं गेले. तिथं रिक्षावाले गल्लीच्या तोंडाशीच सोडतात, पुढं पायी जायचं. नणंद भाकरी थापत होती. तिनं मान वर करून विचारलं, "हे कोण? मुलगा काय मुलगी?"

"दोन्ही नाही," किरण म्हणालं.

"बरं. वांगं खातंस नव्हं?"

एवढंच. ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. पोर तीन भाकऱ्या जेवलं आणि नणंदेच्या दुकानावरच्या माळ्यावर परत फोन लावून बसलं. खानावळीत हेच जेवण शंभराच्या आसपास मिळतं. चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल. पालकांना मागच्या खुर्च्या. किरण खिडकीबाहेर. परीक्षकांनी पाटीचा फोटो धरला, फोन रुपालीच्या आवाजात बोलला, लोक हसले, टाळ्या पडल्या. बेंगळूरच्या पुढच्या फेरीला आमच्या पोरांचा संघ निवडला. मी खिडकीकडं बघितलं. किरण बाहेर एकटंच टाळ्या वाजवत होतं.

नंतर सरांनी आम्हाला बाजूला घेतलं. संघात तीन लागतात, किरणच्या जागी एखाद्या मुलीचं नाव शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या संघाला जाईल. अक्षरं ओळखणारं काम मात्र तेच ठेवायचं बरं का. म्हणजे पोराचं डोकं चालतं, पोर चालत नाही.

धारवाडात पेढे घेतले, घ्यायचे म्हणून. गाडीनं कित्तूर सोडलं. मग रुपाली हळूच म्हणाली, मेघाची बहीण यायला तयार आहे. पुढच्या सीटवरनं किरण मागं न बघता म्हणालं, "घाला तिचं नाव. माझी हरकत नाही."

घरी पोचलो तर किरणची आई दारातच. रुपालीच्या फोनमधले फोटो कौतुकानं बघायला लागली. बघता बघता म्हणाली, "आमचं कुठं दिसंना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रुपालीच बोलली. ताटापासनं शुक्रवारपर्यंत सगळं सांगितलं, स्वतः मान खाली घालून आत गेली तेही. किरणच्या आईनं फोन रुपालीच्या हातात परत दिला. पेढ्याचा पुडा तसाच ठेवून गेली. रुपालीनं उंबऱ्यावर बसून दोन फोन केले, मग म्हणाली, "आई, लिही. मेघाला मी विचारलंय. किरणलाही विचारलंय. नावं घालून लिही."

म्हणून लिहिलं. धारवाड-हुबळीला जरूर जा. माणसं बोलकी, जेवण स्वस्त, आणि माझी नणंद तिथंच राहते. पण मला विचाराल तर बेंगळूरची फेरी गेली तरी चालेल असं मी म्हणणार नाही. माझ्या पोरीनं, तिघांनी, त्यासाठी जीव काढलाय. मला ती फेरी पाहिजे, तिघांसकट पाहिजे.

सर, मॅडम, हे तुमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी केलीय. शुक्रवार तुम्ही आम्हाला दिलात, तोच मी तुम्हाला देते. आम्ही चौथं नाव कळवणार नाही. रुपाली, मेघा, किरण ही नावं जशीच्या तशी बेंगळूरला जाणार का? जाणार नसतील तर का नाही? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. लेखी द्या, खाली सही करून.