टाकीतल्या दोन विती

देवाजवळचा दिवा अर्धाच घासून झाला होता, हात राखेने बरबटलेले, तेवढ्यात जाऊबाई दारात. "ऐकलंस का गं? टाकीतलं पाणी दोन विती खाली गेलंय!"

टाकी म्हणजे आमच्या गल्लीची, जमिनीखालची. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एकोणीस दिवस नळाला थेंब नव्हता. तेव्हा वायसरकाकांनीच सुचवलं की चौदा छपरांचं पावसाचं पाणी एका जागी साठवू. काका चाळीस वर्षं नळदुरुस्ती करत आलेत. खिशात कायम वायसरची माळ, म्हणून हे नाव. पाइपला पान्हा टेकवून दुसरं टोक कानाला लावतात, डॉक्टरसारखे. मुलगी परगावी, ते एकटेच कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. खड्डा आम्ही चौदा घरांनी मिळून खणला, पाइप त्यांनी जोडले. झाकणाला कुलूप, चावी त्यांच्याकडे. उन्हाळा लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. फक्त दर रविवारी एकेका घराने काठी बुडवायची आणि काठीचा ओला भाग वितीने मोजून वहीत लिहायचा. काका म्हणाले होते, काठीवर खुणा करू. मीच अडवलं, "कशाला? हाताचं माप देवानंच दिलंय की."

आधीच्या रविवारी माझी पाळी होती, अकरा विती भरल्या. त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, पावाच्या भट्टीवाल्या भाऊजींनी मोजल्या, नऊ.

"कुंपणच शेत खातंय," जाऊबाई म्हणाल्या. "चावी कुणाकडे आहे, तूच बघ."

मग माझंही कशात लक्ष लागेना. जप करताना डोळा खिडकीकडे. मंगळवारी काका फडकं झाकलेली बादली घेऊन टाकीकडून येताना दिसले. मला बघून त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली. एवढं पुरे झालं.

बुधवारी सगळे जमलो. कुणी म्हणालं, विकत असतील. कुणी म्हणालं, कुठेतरी पाणी मुरतंय खरं. काका एवढंच म्हणाले, "मोजलं कुणी?"

"वर तोंड करून विचारतायत बघा!" जाऊबाई कडाडल्या.

काकांनी चावी काढून ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. चावी माझ्याकडे आली, देवाधर्माचं घर म्हणून. मी ती देवापुढे ठेवली. तेव्हापासून काकांचं दार बंद. भट्टीवाले भाऊजी सांगत होते, ट्रंक भरतायत, मुलीकडे कायमचे जाणार. पावसाळ्याआधी चौदा छपरांचे सांधे बघायचेत. कुठला पाइप कुठे वळतो, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आज रविवार, मोजायचा दिवस. सकाळी भाऊजी, जाऊबाई आणि मी कुलूप काढलं. काठी बुडवली. मी मोजलं, अकरा.

"बघ! घाबरून चोरून भरलं," जाऊबाई.

"कसं भरतील? चावी चार दिवस माझ्या देवापुढे होती."

"दुसरी चावी असेल!"

भाऊजींनी काठी घेतली आणि तोच ओला भाग मोजला. नऊ. मी माझी वीत त्यांच्या पंज्याशेजारी ठेवली. जन्मभर कणीक तिंबलेला तो पंजा, त्यात माझा हात पोरीचा वाटत होता.

"तुम्हाला देवानं हात दिलेत की फावडी?" जाऊबाई म्हणाल्या, पण हसलं कुणीच नाही.

"आणि ती बादली?" मी विचारलं.

"टाकीच्या गाळणीतला गाळ तो," भाऊजी म्हणाले. "दर मंगळवारी उपसतात. घाण वास येतो म्हणून झाकून नेतात."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"बादलीचं मला कुणी विचारलं?"

जाऊबाई अजून म्हणतायत की दुसरी चावी असेलच. मी वाद घातला नाही. सभेत सगळे चावी माझ्याकडे द्या म्हणत असताना मीही मान डोलावली होती, हे देवाला दिसलंय.

आता वायसरकाकांच्या खोलीवर जाऊन त्यांना चावी परत द्यायची आहे.