वाळलेल्या लिंबांची बाग

बीडच्या स्टँडवरून परळीची एसटी सुटली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मी साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. वाटेवरच्या एका छोट्या शहरात दुष्काळात वाळलेल्या झाडांच्या खोडांवर गावकऱ्यांनी मिळून शिल्पं कोरली आहेत, असं ऐकलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती बघायला निघाले. खिडकीबाहेर भेगाळलेली काळी रानं होती, मध्येच सीताफळाची झुडपं आणि ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांनी भरलेले ट्रॅक्टर. बघता बघता डोळा लागला आणि उतरायचं गाव मागे राहिलं.

"मॅडम, झोप लागलती काय?" कंडक्टरनं हसत पुढच्या फाट्यावर उतरवलं. नशिबानं रिक्षा मिळाली.

"लाकडाच्या बागेत का? बसा," रिक्षावाला म्हणाला. "तिथला कोंबडा आमच्या गल्लीनं कोरलाय. लई झ्याक हाय!"

कोंबडा खरोखरच झ्याक होता. मान ताणून आत्ता आरवेल असा. शेजारी पैलवान, पुस्तक वाचणारी मुलगी, आणि एका जाड खोडावर पाण्याचा टँकर, त्याखाली घागरींची रांग. बाग दूध सोसायटीच्या जागेवर होती आणि ही सगळी खोडं तिथल्या जुन्या लिंबांची (कडुलिंबांची).

शेषेराव सुतार तिथेच पटाशीला धार लावत बसले होते. गल्लीगल्लीतल्या लोकांना कोरायला शिकवणारे तेच.

"तीन वर्सं पाऊस न्हाई," ते म्हणाले. "मानसालाच टँकरचं पानी, झाडाला कुठलं? वखारवाला खोडं न्यायला आलता. आमी म्हनलं, थांब बे! सावली गेली ती गेली, खोडं तरी ऱ्हाऊ दे. मग आमच्या सुतारांच्या सोसायटीनं हत्यारं दिली अन् एकेका गल्लीनं एकेक खोड वाटून घेतलं."

फाटकाजवळचं एकच खोड कोरं होतं. मी चित्रकला शिकवते म्हटल्यावर शेषेरावांनी लगेच दूध सोसायटीच्या चेअरमनना फोन केला. ते वडिलांचा फोटो घेऊनच आले. सोसायटी त्या वडिलांनी काढली होती, झाडंही त्यांनीच लावली होती.

"बाई, तुमच्या हातानं चेहरा काढून द्या. कोरायचं शेषेराव बघतील."

मला मानाचं वाटलं. खडू घेऊन मी चेहरा काढायला लागले. बाग झाडणाऱ्या शांताबाई झाडू टेकवून शेजारी उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, काटकुळ्या.

"ह्ये कोन?"

मी सांगितलं.

"झाडं त्यांनी लावली, खरं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पानी म्या घातलं. घरच्या हिरीवरून, डोक्यावर आनून."

एवढं बोलून त्या माझ्यासाठी जेवण आणायला गेल्या. माझा हात थांबला. पण चेअरमन समोरच उभे होते. मी गुमान मिशा पूर्ण केल्या.

शांताबाईंनी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. मला घास गोड लागेना.

जेवणं झाल्यावर शेषेरावांनी खडूच्या ओठांवर पटाशी ठेवून पहिला घाव घातला. आवाज पोकळ आला. साल निखळली आणि ढोलीतून एका पिंगळ्यानं (छोट्या घुबडानं) डोकं बाहेर काढून आम्हा सगळ्यांकडे डोळे वटारले. सगळ्यांच्या नजरा चेअरमनकडे वळल्या.

"आमचे अण्णा चिडले की अस्संच बघायचे!" म्हणत ते पोट धरून हसले. मग बागच हसायला लागली.

त्या हसण्यानं मला धीर आला. शांताबाईंचं म्हणणं मी सगळ्यांसमोर सांगितलं.

चेअरमन गंभीर झाले. "मावशी, खरं? मी तवा बोर्डिंगात होतो. मला कुनी सांगितलंच न्हाई." शेषेरावांकडे वळून म्हणाले, "मग ढोलीखाली मावशींनाच कोरा."

"मला कावून (का) कोरता?" शांताबाईंनी पदर खोचला. "हत्यार द्या हिकडं. मीच कोरते."

शेषेरावांनी पटाशी त्यांच्या हातात दिली आणि धरायची कशी ते दाखवलं. वाळलेलं लिंबाचं लाकूड दगडासारखं. चार घाव घातले की त्या दम घ्यायच्या, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. गाडीची वेळ होईपर्यंत ढोलीखाली एका घागरीचं तोंड आणि एक बाजू दिसायला लागली. तोंड चांगलंच वाकडं होतं. मी सवयीनं खडू उचलला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," त्या म्हणाल्या. "माजी घागर बी अशीच चेमटलेली व्हती."

परतीच्या गाडीत मात्र झोप आली नाही. इतकी वर्षं मी मुलांच्या वाकड्या रेघा लाल पेन्सिलीनं सरळ करत आले, पण हे तुझं कसं होतं, असं कधी विचारलं नव्हतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी वर्गाला सांगितलं, घरातलं पाण्याचं भांडं काढा, जसं आहे तसं.

शेवटच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, आमचं गळतं. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "गळताना दाखव."