वळणावरचे दगड

आज दुपारी जे झालं ते घरी सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ब्रह्मपुरीहून काळीपिवळीने येत होतो. जंगलातल्या एका वळणावर ड्रायव्हरने कुणी न सांगताच गाडी थांबवली. शेजारची म्हातारी बाई उतरली, पिशवीतून दगड काढला, डांबराच्या कडेला ठेवला आणि हात जोडले.

मी विचारलं, तर म्हणाली, "इथी माह्या नवऱ्याले वाघानं नेलं भाऊ. वाटेत काई होऊ नये म्हून येनारा-जानारा एकेक दगड ठेवे. कमरेएवढा ढीग होता. रोड मोठा केला तं कोनं उचलले, काई मालूम नाई."

मला मालूम होतं. या राज्य महामार्गाच्या रुंदीकरणावर मीच सुपरवायझर होतो. आयते दगड दिसले म्हणून इथेच रस्त्याखालच्या भरावात टाकायला लावले होते.

तिने पिशवीतला दुसरा दगड माझ्या हातात दिला. "तुमी बी ठेवा. ज्यानं ते दगड नेले त्याच्या बी गाडीले इथी काई होऊ नये."

मी वाकलो, पण कुठे ठेवू तेच कळेना. अख्खा ढीग माझ्या पायाखालीच होता.

दगड अजून खिशात आहे. तुम्ही असता तर तिला खरं सांगितलं असतं?