वेराक्रूझमधल्या बहिणीच्या बातम्या

बर्मिंगहॅमला आम्ही ज्या घरात राहायचो, त्याची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती. पलीकडे एक म्हातारी बाई एकटीच राहायची. ती मूळची मेक्सिकोची, वेराक्रूझ नावाच्या जुन्या बंदराच्या गावची. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका इंग्रज जहाजावरच्या इंजिनियरशी लग्न करून ती इकडे आली होती. आम्ही राहायला गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं.

मी हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी डॉक्टर होते. डे शिफ्ट संपवून घरी येऊन कोट काढते न काढते तोच भिंतीवर चमच्याचे दोन टोले पडायचे. ठक, ठक. मागोमाग तिची हाक. म्हणजे जेवायला या. आमचे हे म्हणायचे, "जा, तुझी बाई बोलावतेय," आणि माझ्या आधी स्वतःच चपला घालायचे.

तिच्या हातचे मासे मी विसरणार नाही. टोमॅटो, ऑलिव्ह, कसल्याशा आंबट कळ्या आणि मिरची घालून शिजवलेले, बरोबर पांढरा भात आणि पिकलेल्या केळ्यांचे तळलेले काप. मी देशी दुकानातून तिला मिरच्या, कोथिंबीर, ओला नारळ आणून द्यायची. पहिल्यांदा चिंच नेली तेव्हा ती गोळा नाकाशी धरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. मग म्हणाली, "हे आमच्याकडे रस्त्यावर मिळतं. बहीण आणि मी मीठ लावून खायचो."

बहिणीबद्दल ती नेहमी बोलायची. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे इकडे इंग्रजांचे फटाके उडायला लागले की, ती सांगायची, "बहिणीची बातमी आली."

"पत्र आलं का?" मी विचारायची.

"बातमी आली," ती म्हणायची. तेवढंच.

एका वर्षी बातमी अशी की भाचीला शाळेत नोकरी लागली, ती इंग्रजी शिकवते. पुढच्या वर्षी, उत्तरेच्या वाऱ्यात घराची गॅलरी पडली. नंतर, बहीण जिन्यावरून घसरली, डावा पाय मोडला, आता लंगडते. हे सांगताना बाईने स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. मी म्हटलं, "तुम्ही एकदा जाऊन का येत नाही? विमानाने एका दिवसाचं काम." ती हसली आणि तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

एका फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात ती गेली. नवऱ्याचा कुणी पुतण्या घर रिकामं करायला आला. रस्त्यावर स्किप, म्हणजे कचऱ्याचा मोठा लोखंडी पेटारा आणून उभा केला आणि दोन दिवसांत सगळं त्यात टाकलं. मी कामावरून येताना पाहिलं तर वरच बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पडलेला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "घ्या ना, मला काय करायचंय."

डब्यात एक फोटो होता. समुद्राच्या कठड्यापाशी उभ्या दोन तरुण मुली, त्यातली एक म्हणजे आमची बाई. त्याच्याखाली अकरा पत्रं होती. सगळ्यांवर बाईचंच अक्षर, वेराक्रूझचा पत्ता, आणि पत्त्यावर आडवी रेघ मारून कुणीतरी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं. हॉस्पिटलातल्या एका स्पॅनिश नर्सला दाखवलं. ती म्हणाली, "पाठवणाऱ्याला परत." एकही पाकीट उघडलेलं नव्हतं. शेवटच्यावरचा शिक्का तीस वर्षांपूर्वीचा. बहिणीकडून आलेलं पत्र मात्र एकही नव्हतं.

म्हणजे बातम्या तिने रचलेल्या होत्या. एकटं माणूस काय काय करतं, असं मी यांना म्हटलं. मला तिची दया आली, आणि दरवेळी "पत्र आलं का" म्हणून विचारल्याची लाजही वाटली. त्या पत्त्यावर पत्र लिहायचं दोन-तीन वर्षं मनात होतं. पण काय लिहायचं ते सुचेना.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यांना कंपनीच्या कामासाठी मेक्सिको सिटीला जायचं ठरलं. मी रजा घेतली. काम आटोपल्यावर आम्ही दोघं बसने डोंगर उतरून वेराक्रूझला गेलो. डबा माझ्या बॅगेत होता.

बसमधून उतरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली. कोकणात वाढलेल्या माणसाला त्या हवेची ओळख करून द्यावी लागत नाही. खारट, जड, अंगाला चिकटणारी. समुद्रात पलीकडे जुना किल्ला होता, पोवळ्याच्या दगडाचा, भिंतींना बारीक बारीक भोकं. तिथं पूर्वी कैदी ठेवायचे. आम्ही तो पाहिला, बंदरावरून चालत आलो आणि कमानींखालच्या एका मोठ्या कॉफीच्या दुकानात बसलो. वेटरने ग्लासात नुसती काळी कॉफी ओतली आणि तो निघून गेला. इतक्यात माझ्या मागे आवाज झाला. ठक, ठक.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"अगं, काय झालं?" हे म्हणाले.

मागच्या टेबलावरचा माणूस चमच्याने ग्लास वाजवत होता. ऐकून दुसरा वेटर गरम दुधाची किटली घेऊन आला आणि उंचावरून धार धरली. मग तोच आवाज सगळीकडून यायला लागला. त्या गावात दूध असंच मागतात. तो आवाज तिने इथून नेला होता, आणि ती तो आमच्या भिंतीवर वाजवत होती.  यांनी माझा ग्लास वाजवून दूध मागवलं आणि मला बसवलं.

संध्याकाळी चौकात बँड वाजत होता. म्हातारी जोडपी पांढरे कपडे घालून नाचत होती, हळू, एकमेकांकडे न बघता, वरचं अंग जराही न हलवता. पाठमोऱ्या बायकांतली दर तिसरी मला बाई वाटत होती. एकीच्या मागे मी चार पावलं गेलेसुद्धा. ती वळली. परकाच चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्ता शोधत गेलो. दुमजली घर, वरच्या गॅलरीचा कठडा नवा, बाकी सगळं जुनं. मी ते पाहिलं, पण अजून मनाला काही शिवलं नव्हतं. दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. माझे कपडे बघून ती इंग्रजीत म्हणाली, "कोण हवंय? मला इंग्रजी येतं, मी शाळेत शिकवते."

मी पुन्हा वर त्या नव्या कठड्याकडे पाहिलं. यांनीच सांगितलं की आम्ही इंग्लंडहून आलोय आणि एक फोटो परत करायचा आहे. तिने आम्हाला आत बसवलं आणि आईला हाक मारली. आतल्या खोलीतून सत्तरीची एक म्हातारी आली. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं बाईचं. आणि ती डावा पाय ओढत चालत होती.

भिंतीवर माझ्या बॅगेतल्या फोटोतलीच तरुण बाई होती, एकटी, चौकटीत. चौकटीवर वाळलेल्या झेंडूच्या फुलांची सर.

"ही कोण?" मी विचारलं, मला माहीत असूनही.

"माझी मावशी," म्हातारीची मुलगी म्हणाली. "मी कधी पाहिली नाही तिला. एका इंग्रजाबरोबर जहाजावर गेली आणि ते जहाज बुडालं. आजोबांनी घरात तसं सांगितलं. तिच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थनाही केली होती."

मी डबा टेबलावर ठेवला आणि उघडला.

म्हातारीने पहिलं पाकीट हातात घेतलं. अक्षर ओळखलं, हे त्यावरून फिरणाऱ्या तिच्या बोटांवरून कळलं. मग रेघ मारून लिहिलेले ते शब्द तिने पाहिले आणि ती मुलीला काहीतरी म्हणाली. "हे आजोबांचं अक्षर आहे," मुलीने सांगितलं. 

सांगणं भागच होतं. मी म्हटलं, "तुमची बहीण तीन वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होती. माझ्या शेजारी राहायची."

  आपल्याकडे घरातून निघून गेलेल्याच्या नावाने जिवंतपणी पाणी सोडल्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या होत्या. पण ते पाणी जाणूनबुजून सोडलेलं असायचं. ही बहीण चाळीस वर्षं खरंच रडत होती.

मग म्हातारी बोलायला लागली आणि मुलगी वाक्यावाक्याला थांबून इंग्रजीत सांगत गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे मेलेली माणसं घरी येतात. त्यांचे फोटो मांडतात, झेंडूची फुलं घालतात, आवडीचं जेवण ठेवतात. "मी दरवर्षी तिच्यासाठी मासे करते. तळलेली केळी ठेवते. तिच्यासमोर बसते आणि वर्षभरात घरात काय काय झालं ते सगळं सांगते. दुसऱ्या कुणाला सांगू?"

"काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"हिला नोकरी लागली ते. वाऱ्यात गॅलरी पडली ते. माझा पाय मोडला ते."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली होती. मी त्या दोघींना सांगितलं, जसं घडलं तसं. फटाक्यांचे दिवस, "बातमी आली" म्हणणं, गुडघ्यावर दाबलेला हात. मुलीने भाषांतर करता करता तोंडावर हात ठेवला. म्हातारीला मात्र नवल वाटलं नाही. तिला राग आला.

"ऐकू येत होतं, तर मग आली का नाही?" ती मला म्हणाली, जणू मीच जाब देणं लागत होते. "जहाजं दोन्हीकडे जातात ना?"

  मी डॉक्टर आहे. या गोष्टीचा अर्थ मी लावायला गेले नाही, आणि हॉस्पिटलात कधी कुणाला सांगितली नाही.

त्यांनी आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. तीच चव होती. यांनी दोनदा भात घेतला आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. मिरची लागली, म्हणाले. जेवताना म्हातारी एकेक विचारत राहिली. तिथं मासे मिळायचे का? थंडीत काय घालायची? केस पांढरे झाले होते का? शेवटी तिने विचारलं, "म्हातारपणी तिचा आवाज कसा होता?"

आवाज कसा सांगणार? मी जरा विचार केला. मग भिंतीपलीकडून यायची ती हाक, बाईच्या त्या मोडक्या इंग्रजीत, तिच्यासारखीच शेवटी ओढत म्हणून दाखवली. "ये गं डॉक्टर, जेवण निवतंय."

म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. तिने डोळे मिटले होते.

"पुन्हा," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा म्हणताना मी मधेच थांबले. तिने डोळे उघडले नाहीत. नुसता हात लांब करून माझं मनगट धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.