मीठ बघायला इतक्या लांब

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी कागदपत्रांचं काम करते. दर हिवाळ्यात आमच्या ऑफिसची एक दिवसाची सहल निघते. यंदा साहेबांनी ठरवलं, रिसॉर्ट नको, घाटाच्या पायथ्याशी ते जुन्या काळातलं गाव उभं केलंय ना, तिथे जाऊ. उघड्यावरचं संग्रहालय. खरी घरं, खरी चूल, आणि जुन्या वेषातली माणसं जुनी कामं करून दाखवतात. घरचं एक माणूस आणायला परवानगी होती. माहितीपत्रकात मिठागराचा फोटो दिसला आणि मी लगेच बाबाचं नाव दिलं.

माझा बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. बंदर आलं, जमीन गेली, त्याआधी तो मिठागरात काम करायचा. माझा जन्म त्यानंतरचा. घरात त्या कामाबद्दल कोणी फारसं बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मिठागर पाहून त्याचे डोळे भरून येतील, मग तो बोलेल, असं काहीतरी मी मनात रंगवलं होतं.

पोचल्यावर मी त्याचा हात धरून थेट तिकडे निघाले. तो जागचा हलेना.

"मीठ बघाया इतक्या लांब आलाव काय?" म्हणाला आणि उलट्या दिशेला वळला.

तिकडे विणकराचं घर होतं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि समोर माग. हा माणूस नाटकातला नव्हता, पिढीजात विणकर होता. बाबा त्याच्यासमोर उकिडवा बसला तो उठेचना. हा धागा वर जातो तो कशाने? पायाने? मग खालचा कोण धरतो? धागा तुटला तर गाठ मारता की चिकटवता? विणकरही खुलला. त्याने बाबाला खड्ड्यात उतरवलं, पाय पट्ट्यांवर ठेवायला लावले. बाबाने एकदा दाबलं, सगळे धागे वर-खाली झाले आणि तो मोठ्याने हसला.

"जनमभर कापडं घातली गो," मला म्हणाला, "पन ती व्हतात कशी, कदी बगलंच न्हाय."

मी जरा हिरमुसले होते. पण त्याच्याकडे बघता बघता माझा रुसवा गेला. इतके प्रश्न विचारणारा माणूस मी घरी कधी पाहिला नव्हता.

जेवणानंतर साहेबांनीच त्याला गाठलं. "काका, आता तुमचं खातं. चला." मग काय, सगळं ऑफिस निघालं.

मिठागर म्हणजे चार वाफे होते, प्रत्येक जेमतेम खोलीएवढा. नऊवारी नेसलेली एक मुलगी माईकवर सांगत होती, "फार पूर्वी आपले पूर्वज अशा प्रकारे मीठ पिकवत असत." आमच्यातले दोघेतिघे बाबाकडे बघून हसले. बाबाने मात्र हात वर केला, शाळेत करतात तसा.

"पोरी, हितं खाडी न्हाय, भरती न्हाय. खारा पानी कुठशी आनतेस?"

मुलगी गोंधळली. तिने माईक बंद केला आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, दुकानातलं मीठ आणून पाण्यात विरघळवतो. पण तेही जमत नाही. पाणी दोन तासांत जिरून जातं. मी घाटावरची, मला यातलं काहीच माहीत नाही."

मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. त्याने वाफ्याच्या कडेची माती उचलली, चिमटीत चोळली, जिभेला लावून थुंकली.

"माती बरी हाय. तळ तुडवलाय कोनी?"

"तुडवायचा असतो?" ती म्हणाली.

तेव्हा बाबाने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, बंडीच्या खिशातला चष्मा माझ्या हातात दिला आणि वाफ्यात उतरला. घोट्याला लागेल इतकंच पाणी सोडायला लावलं. मग त्याने चालायला सुरुवात केली. ते चालणं म्हणजे टाच आधी दाबायची, मग चवडा आणि पुढचं पाऊल मागच्याला चिकटून. एक रेघ संपली की वळून दुसरी. एक इंचही जागा सुटत नव्हती. घरी जिना चढताना भिंत धरणारा माणूस त्या चिखलात एकदाही डगमगला नाही.

"यकट्याचा काम न्हाय ता," तो वर बघून म्हणाला. "बारा-पंधरा मानूस पायजे. या."

 मग साहेबांनी बूट काढले. त्यांच्यामागे आमचा अख्खा हिशेब विभाग. मी साडी खोचून उतरले. चिखल थंड आणि गुळगुळीत होता, बोटांमधून वर यायचा. बाबा पुढे, आम्ही पाठोपाठ, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. "टाच दाबा, टाच! नाचू नका!" तो ओरडायचा. निवेदन करणारी मुलगीही नऊवारी वर घेऊन रांगेत शिरली.

चालता चालता मी विचारलं, "असं किती दिवस करायचात?"

"तळ टनक व्हयपर्यंत. कदी पंधरा दिस, कदी मयना."

"आणि बायका?"

"बायकाच बऱ्या तुडवायच्या. तुझी आये पुढं असायची. तिच्या पावलावर पाऊल टाकायचं आमी."

माझी आई, जी आता गुडघ्यांमुळे घराबाहेरही फारशी पडत नाही, ती रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची! हे मला चाळिसाव्या वर्षी, परक्या गावात, चिखलात उभी असताना कळलं. डोळे भरून आले ते माझेच. बाबाचं लक्ष तळाकडे होतं.

परतताना बसमध्ये मी प्रश्नांचा धडाका लावला. मीठ तयार झालं हे कळायचं कसं? पाण्यावर दुधासारखी साय येते, तो म्हणाला. ती मोडायची कशाने? लांब दांड्याच्या फळीने. मागच्या सीटवरचे साहेबही मध्येच विचारू लागले. पनवेल यायच्या आत बाबाला झोप लागली.

त्या मुलीने माझा नंबर घेतला होता. तिथली माणसं रोज सकाळी अर्धा तास वाफा तुडवू लागली. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, मी तो बाबाच्या कानाला लावला.

"काका, पाणी राहिलं! काल सकाळी भरलेलं आज दुपारीही आहे."

"बरा झाला," बाबा म्हणाला. "आता पानी सुकवनारा वारा कुठशी येतो ता बग आनि मना सांग."

शेजारी बसलेल्या आईने तेवढ्यात फोन स्वतःकडे ओढून घेतला. "पोरी," ती म्हणाली, "त्याचा नको आयकू. वाऱ्याचा मी सांगतंय तुला."