गैरहजेरीचा निरोप

शाळेत माझ्या मोठ्या जाऊबाईंना पाठीमागे ‘कुलूप’ म्हणतात. त्या तिथल्या ऑफिसात कारकून आहेत. मुलांचे पत्ते, आईवडिलांचे फोन, कोणाला फिट येते, कोणाच्या घरी कोण कोणाशी बोलत नाही, सगळं त्यांच्या ताब्यात. आणि ताब्यात म्हणजे ताब्यात. एकदा शेजारणीने सहज विचारलं, पलीकडच्यांचा नातू तुमच्याच शाळेत ना, कुठल्या वर्गात आहे? जाऊबाई म्हणाल्या, त्यालाच विचारा. शेजारीण कितीतरी दिवस फुगून होती. आमचे हे म्हणतात, वहिनींना डब्यात कुठली भाजी होती विचारलं तरी त्या आधी विचारतील, तुम्हाला कशासाठी हवंय?

भाऊजी गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. ऑफिसच्या खिडकीसमोर उभ्या माणसाला काही दिसू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटर भिंतीकडे वळवून ठेवला आहे, आणि मान तिरकी करून करून त्यांचा खांदा कायमचा धरला आहे. संध्याकाळी मी तेल चोळून देते, त्या गप्प बसून घेतात. शाळेतलं एक अक्षर घरी आणायचं नाही हा त्यांचा नेम, माझ्या जपासारखा. मी कधी तो मोडायला लावला नाही.

तो मोडला एका मुलीपायी.

वर्ष अर्धं सरलं असताना तिची आई तिला घेऊन खिडकीशी आली. बाकीचे पालक जाईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली की नवरा मारतो, कोर्टाने त्याला आमच्या जवळ यायची बंदी केली आहे, आम्ही गाव बदललंय, आणि आम्ही कुठे आहोत हे त्याला कळता कामा नये. जाऊबाईंनी तिला आत बसवलं. मुलीच्या नोंदीतला घरचा पत्ता काढून शाळेचाच पत्ता घातला. जुन्या शाळेकडून आलेल्या माहितीत बापाचा फोन नंबर होता, तो पुसला. वर्गशिक्षिकेला बजावलं की वर्गाच्या फोटोत हिला घेऊ नका. त्या बाईला आभार कसे मानावेत सुचेना, म्हणून तिने जाता जाता बाहीने खिडकीचा कट्टा पुसला.

मुलगी तिसरीत होती. आधी महिनाभर बोलली नाही, मग एक दिवस पडलेला दात मुठीत घेऊन थेट ऑफिसात दाखवायला आली. शाळेचं तिला इतकं वेड की एक दिवस बुडवला नाही. त्या वेडानेच इतके दिवस तिला वाचवलं, हे कोणाला ठाऊक होतं?

मग तिला ताप आला. आईने सकाळीच फोन करून सांगितलं, शिक्षिकेने हजेरीत गैरहजर लिहिलं. आता, या शाळेत अशी सोय आहे की मूल आलं नाही की पालकांच्या फोनवर आपोआप निरोप जातो, ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे,’ आणि खाली शाळेचं नाव. ही निरोपाची यंत्रणा निराळ्या कंपनीची. मुलाची माहिती जुन्या शाळेकडून आली की ती त्यातले फोन नंबर एकदाच उचलते आणि स्वतःजवळ ठेवते. जाऊबाईंनी इथला नंबर पुसला होता. तिथे तो अजून आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ‘तिथे’ म्हणून काही जागा आहे हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाप खिडकीत उभा. धुतलेला शर्ट, नीट विंचरलेले केस. मुलगी काल आली नव्हती म्हणून काळजी वाटली, बरी आहे ना, असं अदबीने विचारलं. अशी मुलगी आमच्याकडे नाही, जाऊबाई म्हणाल्या. त्याने वाद घातला नाही. नुसता फोन काचेला टेकवला. त्यावर निरोप होता.

त्या संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन बसले आणि जाऊबाई बोलायला लागल्या. भाऊजी गेले तेव्हाही मी त्यांचा तसला आवाज ऐकला नव्हता.

“सगळी दारं मी लावली गं,” त्या म्हणाल्या, “आणि आतून हाक मारून मीच त्याला बोलावलं.”

तो आवारात असतानाच त्यांनी मुलीच्या आईला फोन केला होता. आई म्हणाली, “कालच पडदे लावले हो आम्ही.” त्याच दुपारी मायलेकी गाव सोडून गेल्या. नवा नंबर घ्या, कोणालाही देऊ नका, मलासुद्धा देऊ नका, हे जाऊबाईंनीच तिला सांगितलं. जाऊबाई पोलिसांकडेही जाऊन आल्या. पण कोर्टाचा बंदीचा कागद आईजवळच राहिला होता. पोलीस म्हणाले, खिडकीत येऊन त्याने चौकशी केली, हा काय गुन्हा झाला? काही केलं तर कळवा.

बाप मात्र येतच राहिला. पहारेकऱ्याशी गप्पा मारी, शिवणाच्या बाईंची मशीन त्याने एकदा जिन्यावरून वर नेऊन दिली. मुलीचा विषय निघाला की डोळे पुसायचा. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचा जीव त्याच्यासाठी तुटायला लागला. बिचारा, काही झालं तरी बापच तो. आणि जाऊबाई समोरून गेल्या की कोणीतरी म्हणे, काहींच्या काळजालाही कुलूप असतं. हे त्या मला सांगत तेव्हा रागाने सांगत नसत. त्यांना त्या माणसाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त या चांगल्या माणसांची.

काही आठवड्यांनी एका दुसऱ्या शाळेकडून कॉम्प्युटरवर मागणी आली, या मुलीची माहिती पाठवा. म्हणजे पोरगी कुठेतरी शाळेत जात होती. जाऊबाईंचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला, आणि पुढच्याच क्षणी विझला. मागणी मंजूर केली की नव्या शाळेचं नाव या शाळेच्या नोंदीत कायमचं बसतं. नोंद उघडेल त्याला ते दिसणार. आणि ऑफिसचा पासवर्ड सगळ्या शिक्षकांना पाठ, कारण गुणपत्रकं तिथूनच छापायची. तो बदला म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांच्या किती विनवण्या केल्या. ते म्हणायचे, बाई, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर मी काय शाळा बंद ठेवू?

मंजूर केलं नाही तर मुलगी तिथे पाहुणी म्हणून बसणार, तिचं नाव पटावर चढणार नाही, परीक्षा देता येणार नाही. जाऊबाई मंजूरही करेनात आणि नाहीही म्हणेनात. रजा घ्यायचं त्यांनी सोडूनच दिलं. अंगात कणकण असतानाही शाल गुंडाळून त्या खुर्चीवर जाऊन बसत. मी देवापुढे बसले की मागायची, पोरीला शाळा मिळू दे. मग लगेच मागायची, ती कुठे आहे हे कोणाला कळू नको देऊ. एकाच श्वासात दोन मागणी, आणि एक दिलं की दुसरं जातं. देवाने तरी काय करावं?

काल दुपारी त्या कपाटाच्या खोलीत उत्तरपत्रिका मोजायला गेल्या. मुख्याध्यापकांना मोकळा वेळ होता. त्यांनी ऑफिसात बसून अडकलेली सगळी कामं हातावेगळी केली आणि वर म्हणाले, तुमचा भार हलका केला. माणूस वाईट नाही. जाऊबाईंनी नोंद उघडली, तर नव्या शाळेचं नाव तिथे बसलेलं. पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, त्या म्हणाल्या. ते म्हणाले, गुणपत्रकं होऊ देत.

आज सकाळी शिवणाच्या बाईंनी आपण होऊन सांगितलं.

“मी सांगितलं हो त्यांना. नुसतं शाळेचं नाव. पत्ता थोडाच दिलाय? पोरगी शिकतेय एवढं तरी बापाला कळू दे.”

कधी सांगितलंत, एवढंच जाऊबाईंनी विचारलं. सकाळीच, गेटवर, त्या म्हणाल्या. त्याने हात जोडले म्हणे.

आईचा जुना नंबर बंद, नवा कोणालाच माहीत नाही. जाऊबाईंनी त्या शाळेला फोन लावला. तिथल्या ऑफिसातल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “तुम्ही शाळेतून बोलताय हे मला कसं कळावं? असे फोन आम्हाला रोज येतात. अशी मुलगी आमच्याकडे आहे की नाही, हेही मी सांगू शकत नाही.” जाऊबाईंनी विनवलं, मग आवाज चढवला. तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर कोणी उचललाच नाही. पोलिसांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, तिकडच्या ठाण्याला कळवतो.

त्या भरदुपारी घरी आल्या तेव्हा मी कणीक मळत होते. पाणीसुद्धा न घेता त्यांनी शाळेचं ओळखपत्र पिशवीत टाकलं.

“चांगली बाई आहे ती,” त्या म्हणाल्या. “मला काहीच सांगितलं नाही तिने.” आणि दाराला धरून रडल्या.

यांना बोलावते, एकट्या त्या शाळेत जाऊ नका, मी म्हणाले. वेळ नव्हता, बस सुटायला आली होती. तो सकाळीच निघाला असेल तर, मी विचारलं. असेल, त्या म्हणाल्या, आणि चपला घातल्या. जिन्यावरून खाली उतरता उतरता थांबल्या.

“तू देवाजवळ बस. पण तिचं नाव घेऊ नकोस.”

मला नाव माहीतच नव्हतं. एवढं सगळं सांगितलं, पण ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नाही. मी हात धुऊन बसले. देवाला म्हणाले, ती मुलगी. तुला कळलं असेल कोणती ते. तिच्या आईला आज जरा लवकर फाटकाशी येऊ दे.

एव्हाना तिथली शाळा सुटली असेल. जाऊबाईंची बस अजून वाटेतच असणार. मी फोन मांडीवर घेऊन बसले आहे.