शीलानं राखलेली झोप

करमाडच्या त्या गल्लीत शीलाच्या घरासमोरून जाताना लोकांनी चपला हातात घ्यायच्या तेवढ्या बाकी होत्या. भंगारवाला कोपऱ्यावरच गप्प व्हायचा. पोरंटोरं चेंडू घेऊन दुसरीकडं जायची. शीलानं एकेकाला दमच तसा भरला होता, कारण आत तिचा पोरगा आकाश झोपलेला असायचा.

शीलाचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी कळपातलं एखादं मेंढरू नुसतं खाकरलं तरी तिला जाग यायची. हा गुण सासरी फार उपयोगी पडला, तिला सोडून सगळ्यांना. नवरा रामप्रसाद एका गोदामावर पहारेकरी. तो सकाळी सहाला घर सोडायचा आणि संध्याकाळी सातला परतायचा, म्हणून ही चारलाच चुलीपाशी. आकाश शेंद्र्याच्या कंपनीत. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. दुसऱ्या पाळीहून बाराला घरी आला की त्याला गरम भाकरी लागायची. गजराचं घड्याळ या घरात कधी घेतलंच नाही. घेणार कशाला, शीला होती ना. रात्रीचे चार तास आणि दुपारी भांडी झाल्यावरचा एक, एवढ्या झोपेवर तिनं कितीतरी वर्षं रेटली.

मग कंपनीत एका डॉक्टरांचं भाषण झालं. ते ऐकून आकाश घाबराघुबरा होऊन घरी आला. जेवता जेवता त्यानं आईला समजावलं, "वर्षानुवर्षं कमी झोप झाली ना, की बीपी वाढतं, शुगर लागती, मेंदूला धोका. आज काय कळत नाय, मागून कळतं. माणसाला सात-आठ तास झोप पायजेच."

पोराच्या उशाशी आपण कुकरच्या शिट्ट्या करत बसलो, असं शीलाला वाटलं. भाकरी वाढताना तिनं सहज विचारलं, "आन् बायांना किती लागती?"

"तुला काय टेन्शन आई, तू तर घरीच असती," आकाश हसून म्हणाला. रामप्रसादही हसला. त्या दोघांचा राग येतो, आणि शीलाही त्यांच्याबरोबर हसली, याचा जास्त येतो.

दुसऱ्याच दिवशी तिनं शहागंजातून काळ्या पडद्याचं कापड आणलं. आकाशनं औरंगपुऱ्यातून झोप मोजणारं मनगटी घड्याळ घेतलं. शीलानं दारातल्या शेळीच्या गळ्यातली घंटी काढून ठेवली, कुकर फळीवर चढवला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. त्याला दुप्पट वेळ जायचा. आकाशची रात्रपाळी असली की दिवसभर उंबऱ्यात बसून ती राखण करायची. तिचा दुपारचा तास होता, तो असा गेला.

गावातल्या आशाताईंनी एकदा दारातच तिचं बीपी तपासलं. "बाई, लई वाढलंय. झोप व्हती का नीट?" त्यांनी विचारलं.

"व्हती की. तिला कुठं ड्यूटीला जायचंय?" सुट्टी म्हणून घरी असलेल्या रामप्रसादनं परस्पर सांगून टाकलं. गोळ्या आल्या, संपल्या, पुन्हा आणायच्या राहून गेल्या. आकाश मात्र उठल्या उठल्या घड्याळ दाखवायचा, "आई, आज सात तास." मग तिला आपणच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आकाश रात्रपाळी करून आला आणि साडेआठला झोपला. दहाच्या सुमारास शेंगदाणे निवडताना शीलाच्या हातातून सूप निसटलं. उजवा हात उचलेना. भिंतीचा आधार घेत ती ओसरीवर आडवी झाली. काळा पडदा चार पावलांवर होता आणि तिला हाक मारता आली असती. तोंडाशी आलेली हाक तिनं गिळली. आत्ता कुठं दीड तास झालाय त्याला झोपून, आपल्याला वाटेल बरं थोड्या वेळानं, असं म्हणून ती पडून राहिली. मग खरंच हाक मारावीशी वाटली, तेव्हा जीभ वळेना.

बाराला शेजारची गोजरबाई विरजण मागायला आली. भिंतीकडं तोंड करून पडलेली शीला तिला दिसली. बिचारीचा डोळा लागलाय, कधी नव्हे ते, असं गोजरबाईला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शीलाच्या झोपेची कदर केली. गोजरबाई चवड्यांवर मागं फिरली आणि जाताना तिनं बाहेरचं दार हळूच ओढून घेतलं. शीलाला ते सगळं ऐकू येत होतं.

आकाश साडेचारला उठला. शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सहा वाजले. त्रास कधी सुरू झाला, असं डॉक्टरांनी विचारल्यावर शीला कशीबशी "धा" म्हणाली. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. "चार तासांच्या आत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. घरात कुणी नव्हतं का?"

निरोप मिळताच गोदामावरून धावत आलेल्या रामप्रसादनं मुलाकडं बघितलं. मुलगा खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी आकाश आईच्या कॉटपाशी बसला. "आई, मला हाक का नाय मारली?"

शीलाचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शब्द तुकड्यातुकड्यानं आले. "तुझी... झोप." मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. "काल... किती... झाली?"

आकाशनं दुसऱ्या हातानं घड्याळ झाकलं. पण आई वाट बघत होती, म्हणून त्याला सांगावंच लागलं.

"आठ तास, आई."